जाळीतल्या महाजनताई

महाजनताईंनी जन्मात कुठलीही वस्तू हुंगल्याशिवाय हातात घेतली नसेल. प्लास्टिकचा डबा असो, नवी चादर असो, लेकरांचं खेळणं असो, आधी नाकाशी. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, पाकीट डोळ्यांपासून चार बोटांवर धरायचं आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचायची. समोर माल घेऊन आलेला माणूस ताटकळत उभा असला तरी त्यांना घाई नसे. "मोठ्या अक्षरात लिहितात ते विकण्यासाठी," त्या म्हणायच्या, "आणि बारीक अक्षरात लिहितात ते अंगावर आलं तर सुटण्यासाठी." हे वाक्य मी सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी त्यांनी पाकीट उचललं की मीच ते म्हणून टाकायची. त्या रागवायच्या नाहीत. पाठ झालं ते बरं झालं, म्हणायच्या.

आमच्या बऱ्हाणपुरात जे मोठं दुकान उघडलं तिथली ही गोष्ट. लांबलचक एकमजली हॉल होता, सरकता जिनाही नव्हता, तरी सगळं गाव त्याला मॉलच म्हणायचं. उद्घाटनाला आलेले पुढारी म्हणाले होते की आजपासून बऱ्हाणपूर साऱ्या देशाच्या बाजाराला जोडलं गेलं. ते काही खोटं नव्हतं. इंदूरला, मुंबईला जो साबण मिळायचा तोच आम्हालाही मिळायला लागला आणि तिथं जो खपायचा नाही तोही आमच्याकडे यायला लागला. मी बिलिंगला होते. महाजनताई मागे गोदामात, जाळीत.

जाळी म्हणजे तारेचा एक मोठा पिंजरा, त्याला कुलूप. फुटका माल, तारीख उलटून गेलेला माल आणि ज्यात काही विषारी सापडलं म्हणून कंपनीनं मागे घ्यायला सांगितलेला माल, असा सगळा नको झालेला माल त्यात ठेवायचा. त्याची चावी ताईंकडे. त्यांनी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. यजमान जाऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, गळ्यात दुसरं काहीच नसायचं, म्हणून नव्या मुली आपसात खिदळायच्या की ताईंचं लग्न जाळीशी लागलंय. ताईंच्या कानावर ते गेलं होतं. त्या म्हणाल्या, नवरा गुणी आहे, दिलेलं सगळं नीट सांभाळतो.

त्याआधी त्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. पोरं हिंदीकडे आणि इंग्रजीकडे गेली, वर्ग ओस पडले, शाळा बंद झाली. बाईंना नोकरी कोण देणार? मॉलनं दिली. बोलण्यातून मात्र मास्तरीण गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा आमच्यात वाटता वाटता त्या आम्हाला शिसं, पारा असले धडे द्यायच्या. शिसं अंगात शिरलं की हाडात घर करतं, म्हणायच्या, आणि बाई पोटुशी राहिली की तेच घर सोडून लेकराकडे जातं. आम्ही आपल्या भाकरी खायचो.

वरून, मुख्य कार्यालयातून, यादी यायची. अमुक कंपनीचा अमुक माल, अमुक बॅच, आजच्या आज शेल्फवरून काढा, जाळीत टाका, फोटो पाठवा. संगणकावर ती ओळ लाल दिसायची आणि काम झालं की हिरवी. मॉलच्या कंपनीचा स्वतःच्या नावाचा जो माल होता तो म्हणे प्रयोगशाळेतून तपासून यायचा. इतर बारक्या पुरवठादारांचं मात्र कागदावर भागायचं. आमच्या मालात कुठलंही घातक रसायन नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं, खाली सही आणि शिक्का. ताई हे कागदही वाचायच्या. तोवर ते कुणी वाचत असेल अशी पुरवठादारांनाही कल्पना नसावी. एकदा एका फिनाईलवाल्याच्या कागदावर त्यांना वाचायला मिळालं की हे उत्पादन संपूर्ण शाकाहारी असून त्यात अंडं नाही. बिस्किटवाल्याचा कागद झेरॉक्स करून त्यानं फक्त वरचं नाव बदललं होतं. ताई तो घेऊन मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर इंदूरचा तरुण पोरगा, स्वभावानं वाईट नव्हता, पण कागद पूर्ण असला की त्याला सगळं पूर्ण झाल्यासारखं वाटायचं. तो हसला, खूप हसला, आणि म्हणाला, "पेपर तो है ना मॅडम? फाईल में लगा दो."

ताईंनी तो फाईलला लावला नाही. फिनाईलवाल्याकडून नवा कागद येईपर्यंत त्याचे खोके त्यांनी दारातच थांबवून ठेवले. पंधरा दिवस दुकानाची फरशी नुसत्या पाण्यानं पुसली. असल्या गोष्टींमुळे मॅनेजरला त्या डोक्याला ताप वाटायच्या आणि आम्हाला करमणूक.

माझं एक सांगते. मी तेव्हा गोरं होण्याचं क्रीम लावायची, आमच्याच दुकानातलं. ताईंनी एक दिवस मला उजेडात नेलं, हनुवटी धरून चेहरा इकडं तिकडं फिरवला आणि कोणतं लावतेस म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी डबी आणायला लावली. पाठीमागं कुणी बनवलं त्याचा पत्ताच नव्हता. असल्या बिनपत्त्याच्या क्रीममध्ये पारा असतो, म्हणाल्या, आणि ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळून जाळीत ठेवून दिली. मी महिनाभर लावलं नाही. मग नणंदेचं लग्न निघालं, तेव्हा पुन्हा घेतलं आणि ताईंसमोर जाताना तोंड धुऊन जायला लागले. त्यांना कळलं नसेल असं मी समजत होते.

ताईंना मूल नव्हतं. भावाची मुलगी पूजा शिकायला शहरात आली ती त्यांच्याकडेच राहिली, इतवारा बाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत, पाचवीपासून कॉलेजपर्यंत. पूजाचं सगळं ताईंनीच केलं. जवळच्याच जसोंडी गावात चांगल्या घरात दिली, केळीचे मळे असलेलं घर. लग्नानंतर काही महिन्यांत तिला दिवस गेले. ताई त्या दिवसांत थोड्या बावळटासारख्याच वागायच्या. बोलता बोलता मध्येच हसायच्या. लहान मुलांच्या दुपट्यांचा गठ्ठा आला की एकेक दुपटं हुंगायच्या आणि बाजूला काढून ठेवायच्या.

त्या संक्रांतीच्या आठ दिवस आधी यादीत कुंकू आलं. भांगात भरायचं, नारिंगी लाल, प्लास्टिकच्या छोट्या डबीतलं. त्यात शिसं सापडलं होतं. ताईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. शेल्फ रिकामं केलंच, पण ट्रॉल्या, परतीच्या टोपल्या, बिलिंगच्या टेबलाखालचे कप्पे, सगळं धुंडाळलं. एक डबी फरशी आणि रॅकच्या फटीत गेली होती, ती झाडूच्या काडीनं ओढून काढली. प्रत्येक डबीच्या बुडाला हिरव्या मार्करनं फुली मारली आणि खोके जाळीत ठेवून कुलूप लावलं.

पुढं काय करायचं तो प्रश्न होता. पुरवठादार माल परत घेईना. वरून उत्तर आलं, तिथंच नष्ट करा. ताई म्हणाल्या, शिसं जाळता येत नाही, पुरता येत नाही, जमिनीत गेलं तर विहिरीत येईल. विषारी कचरा नेणारी खास गाडी असते, ती बोलवा, तोवर माल जाळीत राहू दे. पण दहा-बारा खोक्यांसाठी बऱ्हाणपूरला गाडी कोण पाठवणार? इकडे संगणकावर ती ओळ लालच आणि मॅनेजरला रोज वरून फोन. नष्ट केल्याचा कागद चढवल्याशिवाय ती हिरवी होत नव्हती आणि कागदावर जाळी सांभाळणाऱ्याची सही लागत होती.

त्याच आठवड्यात पूजाला सोनोग्राफीसाठी शहरात आणायचं होतं. पाचवा महिना. सासूचे गुडघे धरलेले, जावई मजुरांच्या मागे, म्हणून ताईच जाणार होत्या. त्यांनी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, गाडी सोमवारी नक्की येतेय, बोलणं झालंय, कागद तेवढा आज द्या आणि खुशाल जा. माझ्यासमोर माल नष्ट करण्यात आला, असं त्यावर लिहिलेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांमधली खोट काढणाऱ्या बाईनं तो कागद वाचला आणि सही केली. नंतर त्या मला म्हणाल्या की पूजा दवाखान्याच्या बाकावर एकटी बसलेली दिसत होती गं डोळ्यांसमोर.

सोनोग्राफी चांगली आली. ताईंनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले. सोमवारनंतर त्या कामावर आल्या तर जाळी रिकामी होती. गाडी आली होती, मॅनेजर म्हणाला. कोणती गाडी, पावती कुठाय, हे त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मी बिलिंगवरून ऐकत होते. मी सोमवारी सकाळी मागच्या दाराशी एक छोटा टेम्पो पाहिला होता. फुटका माल लॉटमध्ये उचलणारा इतवाऱ्यातला व्यापारी दर महिन्याला घेऊन येतो तोच टेम्पो. मी काही बोलले नाही. मला वाटलं, तो फुटक्या मालासाठी आला असेल. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नव्हतं, मी माझं मशीन चालू करत होते.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी जसोंडीला पूजाच्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ताईंना मी माझ्या स्कूटीवर घेऊन गेले, मलाही बोलावणं होतं. घर बायकांनी भरलेलं. ताई सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना कुणी जा म्हणायचं नाही, त्या आपणच जायच्या. मी बाहेर सतरंजीवर बसले. पूजा हलव्याचे दागिने घालून पाटावर, चेहरा सुखानं फुगलेला. तिची सासू आल्यागेल्या बाईला हळद लावत होती, कुंकू लावत होती, मग तिळगूळ आणि हातात वाण. वाण म्हणजे वर देवीचं चित्र चिकटवलेली कुंकवाची डबी. इतवाऱ्यातून थोकात आणल्यात, सासू कौतुकानं सांगत होती, सुनेचं पहिलं वाण आहे, कुंकवासारखं दुसरं काय द्यायचं. माझ्याही कपाळाला ते लागलं आणि डबी माझ्या पर्समध्ये गेली.

ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे टेकवला आणि सवयीनं टोपलीतली एक डबी उचलली. नाकाशी नेली. तळहातावर तोलली. मग ती उलटी केली आणि बुडाला चिकटवलेला नवा कागद नखानं खरवडला. मी त्यांच्या अगदी जवळ बसले होते. खाली हिरवी फुली होती.

त्या ओरडल्या नाहीत. वर्गात फळ्यासमोर उभं राहून सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "हे कुंकू कुणी लावू नका. यात शिसं आहे. आमच्या दुकानातून काढून टाकलेला माल आहे हा. पूजा, आधी कपाळ धू. तुझ्या पोटातल्या लेकराला बाधेल हे."

पूजाची सासू वाईट बाई नव्हती. तिच्या हातात वाणातलीच एक उघडलेली डबी होती ती तशीच राहिली. ती हळूच म्हणाली, "ताई, आजच्या दिवशी माह्या सुनेले कुंकू लावू नको म्हणता? अन् तेही तुमच्या तोंडून?"

तिथं काय झालं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. विधवा बाई भर हळदीकुंकवात उभी राहून सुवासिनींना कुंकू पुसा म्हणत होती. शिसं कुणी ऐकलंच नाही. ताईंच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या इतकी वर्षं वस्तूंकडे बघत होत्या, त्या वेळी स्वतःकडे बघायचं विसरल्या होत्या.

एक म्हातारी माझ्याकडे वळली. "तू बी तिथंच कामाले हाय ना गं? बाई म्हणू राहिली ते खरं हाय का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ताईंनीही बघितलं, अगदी निश्चिंतपणे. एका पॅकिंगवाल्याला बाहेर काहीतरी बोलल्याबद्दल मागच्याच महिन्यात काढून टाकलं होतं. माझ्या नवऱ्याचा कापडाचा लूम बंद पडलेला, घर माझ्या पगारावर. ही कारणं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. त्या वेळी एवढा विचार करायलाही वेळ नव्हता. तोंडातून आपोआप आलं, "मला नाही माहीत. मी बिलिंगला असते."

पूजा पाटावरून उठली. ज्या घरात आयुष्य काढायचं त्या घरातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही आत जाऊन बसा." आणि सासूपुढे वाकली. सासूनं त्याच डबीतलं कुंकू चिमटीनं घेऊन तिच्या भांगात मागपर्यंत भरलं. ताई आत गेल्या.

परतताना केळीच्या मळ्यांमधून मी गाडी चालवत होते आणि त्या मागे बसलेल्या. मी वाट पाहत होते की त्या मला काहीतरी बोलतील, शिव्या देतील तर बरं. शहराच्या जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "कागदावर सही माझीच आहे." बस, एवढंच. माझ्याबद्दल त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

त्यांनी वर तक्रार केली, लेखी. फुलीच्या डबीचा फोटो लावून. वरून उत्तर आलं, फार अदबीनं लिहिलेलं. आपल्या जागरूकतेबद्दल आभार, प्रकरण तपासलं, सदर माल नष्ट केल्याचं प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, सोबत जोडलं आहे. खाली ताईंची सही. फोटोतल्या डबीवर नव्या नावाचं लेबल होतं, त्यामुळे तो माल आमच्या दुकानातला मानता येत नाही. संगणकावर ती ओळ तशीच हिरवी राहिली. त्या उन्हाळ्यात करार संपला तेव्हा ताईंचा वाढवला नाही. जाळीची चावी सध्या माझ्याकडे आहे. मी नको म्हणाले नाही.

पूजा फोनवर आत्याला सांगायची की रोज रात्री धुऊन टाकते मी. पण सकाळी सासू पुन्हा भरायची, प्रेमानंच. पावसाळ्याच्या तोंडाशी मुलगा झाला. तो उशिरा बसायला लागला. दीड वर्षाचा झाला तरी हाक मारली तर वळून बघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, काही मुलं सगळं उशिरा करतात. करतात हे खरंच आहे, माझी थोरलीही उशिरा बोलली. त्यामुळेच तर कुणीच काही म्हणू शकत नाही. शिशाचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. घरच्यांना कारण माहीत होतं. भरल्या घरात, पहिल्या हळदीकुंकवाला, पांढऱ्या पायाच्या बाईनं जीभ उचलली होती. ताईंना जसोंडीला बोलावणं बंद झालं. पूजानंही हळूहळू फोन कमी केले. मला तिचा राग येत नाही, मला तो कुठल्या तोंडानं येणार?

मी ताईंना शेवटचं पाहिलं ते इतवाऱ्यात, पुढच्याच्या पुढच्या संक्रांतीआधी. वाणाच्या वस्तूंच्या हातगाड्या लागल्या होत्या. एका गाडीशी त्या उभ्या होत्या, केस सगळे पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. गाडीवर त्याच लाल डब्या होत्या, देवीचं चित्र मात्र आता निराळं होतं. ताई एकेक डबी उचलून पिशवीत टाकत होत्या, हुंगतही नव्हत्या. शिकवण्यांतून जे मिळायचं त्यात त्या दर बाजाराला अशा डब्या, कुणी लावू नयेत म्हणून, विकत घेऊन खोलीत साठवत होत्या, असं शेजारणीकडून मी ऐकलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. आसपासच्या दोन बाया त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी रस्त्याच्या या बाजूला होते. पलीकडे जाणं चार पावलांचं होतं आणि मी गेले नाही.

गाडीवाला खूष होता. एवढं कुंकू त्याच्याकडून दुसरं कुणी नेत नसणार. गाडी रिकामी झाली तशी तो त्यांना म्हणाला, "ताई, तुमच्यामुळेच तर माल चालू राहिला. बुधवारले अजून खोके मागवले. तुमच्यासाठी अलग रखू का?"

ताईंनी पिशवीची गाठ मारली.

"ठेव," त्या म्हणाल्या. "सगळेच ठेव."